न सापडणारे दुकान : शोधयंत्रातील अदृश्यतेची कारणमीमांसा

लखनौच्या चौक भागात दुकान शोधणे फारसे कठीण नाही. गोल दरवाजातून आत शिरलेल्या ग्राहकाला पाटी वाचता आली नाही, तरी कोणालाही विचारता येते आणि विचारत विचारत तो इष्ट स्थळी पोहोचतो. चिकनच्या भरतकामाचा व्यापार चौक आणि अमीनाबाद या बाजारपेठांत दीर्घकाळ याच रीतीने चालत आला. परंतु पुण्याला किंवा नागपूरला बसून चिकनचा कुर्ता घेऊ पाहणारा आजचा ग्राहक गल्लीतल्या माणसाला विचारत नाही. तो चार शब्द टंकित करतो आणि समोर येणाऱ्या यादीतील पहिल्या काही नावांपैकी एक निवडतो. त्या यादीत ज्याचे नाव नाही, ते दुकान त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

ही गोष्ट केवळ दुकानदाराच्या नफातोट्याची नाही. चिकनचे एक वस्त्र अनेक हातांतून जाते. कापड बेतले जाते. छिपी लाकडी ठशांनी त्यावर कच्च्या निळ्या रंगात नक्षी उठवतो. मग ते भरतकामासाठी लखनौतील आणि काकोरी, मलिहाबाद या परिसरातील स्त्रियांकडे जाते. शेवटी धुलाईत निळी रेघ निघून जाते आणि टाका तेवढा उरतो. या साखळीत कारागीर स्त्री आणि ग्राहक यांच्यामध्ये मध्यस्थांची रांग असते व ती जितकी लांब, तितकी स्त्रीच्या हाती पडणारी मजुरी कमी. ही रांग तोडावी, कारागीर स्त्रियांना थेट बाजार मिळावा, याच हेतूने १९८४ साली ‘सेवा लखनौ’ ही संस्था उभी राहिली. संकेतस्थळ, म्हणजेच वेबसाइट, हे अशा थेट विक्रीचे आजचे साधन आहे. मात्र ते साधन असूनही ग्राहकाला दिसत नसेल, तर रांग जशीच्या तशी राहते.

त्यातच दुसरी अडचण आहे. ‘लखनौ चिकन’ या नावाला २००८ साली भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. नावाचा गैरवापर झाल्यास कायद्याचा आधार मिळाला. पण शोधयंत्र, म्हणजे सर्च इंजिन, ही नोंदणी तपासून आपली यादी लावीत नाही. यंत्रावर काढलेले स्वस्त भरतकाम ‘लखनवी चिकन’ या शब्दांनी विकणारे पृष्ठ यादीत वर आणि हातकामाचे खरे वर्णन करणारे पृष्ठ यादीबाहेर, असे घडू शकते. म्हणूनच पृष्ठ दिसत नाही याचे कारण शोधण्याची पद्धत समजून घेणे अगत्याचे ठरते.

चार पायऱ्या

पुष्कळांची अशी समजूत असते, की प्रश्न विचारला जाताच शोधयंत्र जगातील सारी पृष्ठे धुंडाळते. वस्तुतः तसे नाही. शोधयंत्र आधीच वाचून ठेवलेल्या पृष्ठांच्या आपल्या सूचीत उत्तर शोधते. ग्रंथालयाची उपमा येथे उपयोगी पडेल. पुस्तक वाचकाच्या हाती पडण्यापूर्वी ग्रंथपालाला त्याची माहिती मिळावी लागते. ते हाती येऊन उघडले जावे लागते. नोंदपत्रिकेत त्याची नोंद व्हावी लागते. आणि वाचकाने विषय सांगितल्यावर त्या विषयाच्या पुस्तकांतून त्याची निवड व्हावी लागते.

शोधयंत्राच्या याच चार पायऱ्या होत. पहिली शोध : पृष्ठाचा पत्ता कळणे. दुसरी वाचन : दुव्यांवरून एका पृष्ठाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या ‘क्रॉलर’ नावाच्या आज्ञावलीने ते उघडून वाचणे, गूगलच्या अशा आज्ञावलीचे नाव ‘गूगलबॉट’. तिसरी नोंद : वाचलेला मजकूर सूचीत समाविष्ट होणे. चौथी क्रम : विचारलेल्या शब्दांसाठी यादीत स्थान ठरणे. पायरी ओलांडून पुढे जाता येत नाही. ‘पृष्ठ दिसत नाही’ हे ज्वरासारखे केवळ लक्षण आहे. रोग चारांपैकी कोणत्याही पायरीवर असू शकतो आणि प्रत्येक ठिकाणचा उपचार निराळा असतो. बहुतेकांची चूक ही, की पायरी न ओळखता ते उपचाराला लागतात. ज्याची नोंदच झालेली नाही, त्या पृष्ठाचे शब्द पुनःपुन्हा बदलणे म्हणजे कुलूपबंद दुकानाच्या आतली मांडणी सुधारत बसणे होय.

पहिली चाचणी

समजा, काकोरीजवळच्या भरतकाम करणाऱ्या स्त्रियांच्या एका गटाने संकेतस्थळ काढले आहे आणि ईदसाठी तयार केलेल्या कुर्त्यांचे पृष्ठ शोधयंत्रात दिसत नाही. पहिला प्रश्न एकच : पृष्ठ सूचीत आहे की नाही?

याची ढोबळ चाचणी कोणालाही करता येते. शोधाच्या चौकटीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्यापुढे अपूर्णविराम आणि लगेच त्या पृष्ठाचा पत्ता लिहिला, की त्या पत्त्याचे सूचीत असलेले पृष्ठ सामान्यतः समोर येते. अधिक खात्रीचे उत्तर ‘सर्च कन्सोल’ या गूगलच्या विनामूल्य सेवेत मिळते. २०१५ पर्यंत ही सेवा ‘वेबमास्टर टूल्स’ या नावाने ओळखली जात असे. संकेतस्थळ आपलेच आहे हे सिद्ध केल्यावर मालकाला तेथे कोणत्याही पत्त्याची स्थिती पाहता येते. ‘पत्ता सापडला, पण अद्याप नोंद नाही’ आणि ‘वाचले, पण अद्याप नोंद नाही’ असे दोन शेरे तेथे वेगवेगळे असतात. वरवर सारख्या वाटणाऱ्या या शेऱ्यांत मोठे अंतर आहे : पहिल्यात पृष्ठ अजून उघडलेलेच नाही, दुसऱ्यात ते उघडून, वाचून बाजूला ठेवले आहे. नवे पृष्ठ सूचीत येण्यास काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत अवधी लागू शकतो, हेही लक्षात ठेवावे. कालच प्रसिद्ध केलेले पृष्ठ आज दिसत नसेल, तर तो दोष नव्हे.

आतून लावलेली कडी

पृष्ठ वाचले गेले नसेल, तर दार कोणी बंद केले आहे ते पाहावे. ते बहुधा घरच्याच माणसाने बंद केलेले असते.

१९९४ साली मार्टिन कोस्टर यांनी एक साधी पद्धत सुचविली. संकेतस्थळाच्या मुळाशी ‘रोबॉट्स’ नावाची एक मजकूर-फाइल ठेवावी आणि क्रॉलरने कोठे येऊ नये हे तीत लिहावे. हा संकेत जवळजवळ तीन दशके केवळ परस्परसामंजस्यावर चालला. २०२२ साली त्याला औपचारिक मानकाचे रूप मिळाले. संकेतस्थळ बांधले जात असताना अर्धवट पाने बाहेर दिसू नयेत म्हणून कारागीर या फाइलीत सर्वांना मनाई करतो आणि उद्‌घाटनाच्या गडबडीत ती मनाई काढायची राहून जाते. वर्डप्रेससारख्या प्रचलित साधनात शोधयंत्रांना परावृत्त करण्याची एक खूण असते. तीही अशीच राहून जाते.

दुसरी कडी ‘नोइंडेक्स’ ही. पृष्ठाच्या शीर्षभागात लिहिलेली ही सूचना ‘वाचा, पण नोंदू नका’ असे सांगते. जाहिरातीतून येणाऱ्या ग्राहकांसाठी खास केलेल्या पृष्ठांवर ती कित्येकदा हेतुपुरस्सर घालतात. पुढे त्याच पृष्ठाची नक्कल करून नेहमीचे पृष्ठ तयार होते आणि सूचनाही नकलेबरोबर येते.

या दोन कड्यांचा परस्परसंबंध नीट समजला पाहिजे. ‘रोबॉट्स’ फाइल वाचनाला मनाई करते, नोंदीला नव्हे. ‘नोइंडेक्स’ नोंदीला मनाई करते, पण ती कळण्यासाठी पृष्ठ वाचले जावे लागते. दोन्ही एकाच वेळी लावल्यास क्रॉलर दाराशीच थांबतो, आतली सूचना त्याला दिसत नाही आणि इतर ठिकाणच्या दुव्यांवरून कळलेला नुसता पत्ता, वर्णनाविना, यादीत येऊ शकतो. पृष्ठ खरोखर लपवायचे असेल, तर वाचनाची मुभा ठेवून नोंदीला मनाई करावी. दाखवायचे असेल, तर दोन्ही कड्या काढाव्यात.

याखेरीज परवलीचा शब्द मागणारी पृष्ठे क्रॉलरला उघडता येत नाहीत, आणि संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर आहे तो वारंवार बंद पडत असेल, तर क्रॉलरच्या फेऱ्या विरळ होतात.

वाट नसलेली घरे

दार उघडे आहे, पण तेथवर वाटच जात नाही, असेही होते. क्रॉलर दुव्यांवरून चालतो. ज्या पृष्ठाकडे संकेतस्थळावरील एकाही पृष्ठावरून दुवा जात नाही, त्याला अनाथ पृष्ठ म्हणता येईल. विक्रीच्या मोहिमांसाठी केलेली पृष्ठे याला विशेष बळी पडतात. ईदचे पृष्ठ तयार होते. त्याचा पत्ता छापील पत्रकावर आणि मोबाईलवरच्या संदेशांत जातो. पण मुखपृष्ठावर त्याचा उल्लेख करण्याचे कोणाला सुचत नाही.

यावर मुख्य उपाय दुवा देणे हाच. पूरक उपाय पृष्ठसूचीचा, म्हणजे ‘साइटमॅप’चा. गूगलने २००५ साली ही पद्धत सुरू केली आणि २००६ साली याहू व मायक्रोसॉफ्ट यांनीही ती स्वीकारली. अशा एका सूचीत ५०,००० पर्यंत पत्ते देता येतात. मात्र सूची ही विनंती आहे, आज्ञा नव्हे. तिच्यामुळे पत्ता कळतो, नोंदीची हमी मिळत नाही.

सणांच्या पृष्ठांबाबत आणखी एक पथ्य आहे. दरवर्षी नवा पत्ता करून जुना मोडून टाकला, तर त्या पत्त्याला इतरांनी दिलेले दुवे वाया जातात आणि दर वर्षी प्रारंभ शून्यापासून होतो. ईदचा पत्ता एकच ठेवावा व त्यावरील माल बदलावा. पत्ता बदलणे अपरिहार्यच असेल, तर जुन्या पत्त्यावर आलेल्यास कायमस्वरूपी नव्या पत्त्याकडे वळविण्याची व्यवस्था ठेवावी.

वाचले, पण नोंदले नाही

हा शेरा सर्वांत खटकतो, कारण येथे तांत्रिक अडथळा बहुधा नसतो. वाचलेले प्रत्येक पृष्ठ नोंदलेच जाईल, अशी हमी कोणतेही शोधयंत्र देत नाही. जे अन्यत्र आहेच, त्याची आणखी एक प्रत ठेवण्याचे त्याला कारण नसते.

एका कुर्त्याचे १२ रंग आणि ६ मापे असतील आणि प्रत्येक जोडीला स्वतंत्र पत्ता असेल, तर एकाच वस्त्राची ७२ पृष्ठे होतात. त्यांतील मजकूर एका शब्दाने वेगळा. अशा वेळी मुख्य पृष्ठ कोणते ते सांगण्यासाठी ‘कॅनॉनिकल’ ही खूण वापरतात. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये ती एकत्रितपणे जाहीर केली. ही खूण चुकीच्या पृष्ठाकडे बोट दाखवीत असेल, तर हवे ते पृष्ठ गळून नको ते राहते. म्हणून तपासणीत ती अवश्य पाहावी.

दुसरा प्रकार उसन्या वर्णनाचा. घाऊक व्यापाऱ्याकडून आलेली दोन वाक्ये शेकडो दुकाने जशीच्या तशी चिकटवितात. ‘उत्कृष्ट लखनवी कुर्ता, सर्व प्रसंगी शोभणारा’ या वाक्यात त्या वस्त्राविषयी काहीच नाही. उलट, गटातील भरतकाम करणाऱ्या स्त्रीला विचारले, तर ती सांगेल, की या मलमलीवर मुर्रीचे तांदळाच्या दाण्यासारखे उठावदार टाके आहेत. फंद्याच्या बारीक गाठी पाकळीच्या टोकाशी आहेत. बखियाचा टाका उलट बाजूने घातल्याने सुलट बाजूला सावलीसारखा दिसतो. आणि जालीसाठी धागा कापलेला नसून सुईने बाजूला सारलेला आहे. हे वर्णन दुसऱ्या कोणाकडे नाही. ग्राहकाला त्यावरून हातकाम ओळखता येते आणि शोधयंत्रालाही नोंद घेण्याजोगे काही मिळते. कारागिराचे ज्ञान हेच येथे भांडवल आहे.

तिसरा प्रकार चित्रात कोंडलेल्या मजकुराचा. किंमत, कापड, टाक्यांची नावे हे सारे एका सुबक चित्रात रंगवून पृष्ठावर ठेवले, तर माणसाला ते वाचता येते. पण शोधयंत्र ते मजकूर म्हणून वाचेलच यावर विसंबता येत नाही. मोबाईलवरील आवृत्तीतून जागा वाचविण्यासाठी मजकूर वगळणेही असेच घातक आहे. गूगलने २०१६ साली जाहीर केलेले आणि नंतर क्रमाने अमलात आणलेले धोरण असे, की सूचीसाठी पृष्ठाची मोबाईल आवृत्तीच वाचावी.

अक्षरांचा पेच

भारतीय भाषांच्या पृष्ठांपुढे एक अडचण अशी आहे, की इंग्रजीतून लिहिलेल्या मार्गदर्शकांत तिचा उल्लेख क्वचितच आढळतो. उत्तर भारतात ‘कृतिदेव’सारखे जुने टंक अनेक वर्षे वापरात राहिले, महाराष्ट्रातही तशाच रीतीचे टंक होते. या टंकांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण संगणकात इंग्रजी अक्षरे साठविली जातात. ‘कृतिदेव’मधील ‘क’ आत इंग्रजी ‘डी’ असतो, ‘ल’ म्हणजे ‘वाय’ आणि ‘न’ म्हणजे ‘यू’. देवनागरीचा तो केवळ पोशाख होय. शोधयंत्र पोशाख पाहत नाही, आतली अक्षरे पाहते. त्याला तेथे लखनौ नव्हे, तर निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. जुने माहितीपत्रक तसेच संकेतस्थळावर चढविले, तर ते देवनागरी शब्दांनी शोधणाऱ्यास सापडणे शक्य नाही. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे हाच उपाय. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्ये आरंभापासून देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत.

अक्षरे सुधारल्यावर शब्दांचा प्रश्न येतो. कोणी ‘ज़रदोज़ी’ नुक्त्यासह लिहितो, कोणी ‘जरदोजी’ नुक्त्याविना. शहराचे नाव हिंदी ग्राहक ‘लखनऊ’ लिहितो, मराठी ग्राहक ‘लखनौ’. आणि नुसते ‘चिकन’ असे शोधणाऱ्याला देवनागरीत भरतकामाऐवजी कोंबडीच्या पाककृती मिळण्याचा संभव अधिक. म्हणून शीर्षकात ‘चिकनकारी भरतकाम’, ‘चिकनचा कुर्ता’ असे संदिग्धता घालविणारे शब्द असावेत आणि प्रचलित पर्यायी रूपे मजकुरात स्वाभाविकपणे यावीत. तीच तीच रूपे ओळीने कोंबणे मात्र टाळावे. शोधयंत्रे त्याला फसवणूक समजतात आणि वाचकही कंटाळतो.

नोंद आहे, पण स्थान मागे

पृष्ठ सूचीत आहे, पत्त्याने विचारल्यास येते, तरीही ‘चिकन कुर्ता’ या शब्दांना येत नाही, अशी स्थिती असल्यास रोग चौथ्या पायरीवर आहे. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी स्थापन केलेल्या गूगलच्या मुळाशी एक कल्पना होती : ज्या पृष्ठाकडे इतर प्रतिष्ठित पृष्ठे दुवे देतात, ते महत्त्वाचे मानावे. आज क्रम ठरविताना इतर असंख्य गोष्टी विचारात घेतल्या जातात. पण इतरांची साक्ष अजूनही मोलाची आहे. मोठ्या विक्री-संस्थांशी सर्वसामान्य शब्दांवर झुंजणे लहान गटाला परवडणारे नाही. ‘मुर्रीकाम केलेली पांढरी मलमल’ असे नेमके शोधणारे ग्राहक थोडे असतील. परंतु त्यांना हवे ते नेमके देणारी पृष्ठेही थोडीच असतात. शिवाय हातमाग-प्रदर्शने, वस्तुसंग्रहालये, वृत्तपत्रे यांनी कामाची दखल घेतली असेल, तर त्यांच्या पृष्ठांवरून दुवा मिळावा अशी विनंती करणे रास्त आहे.

येथे दोन भ्रम दूर करणे आवश्यक आहे. जाहिरातीसाठी पैसे भरल्याने जाहिरातीची जागा मिळते. साध्या यादीतील क्रम त्यामुळे वाढत नाही. आणि पहिल्या क्रमांकाची हमी देऊन पैसे मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, कारण अशी हमी कोणालाच देता येत नाही, असे खुद्द गूगलच सांगते. महिन्याची मजुरी मोजक्या रुपयांत मोजणाऱ्या गटाला अशा हमीपोटी गेलेला पैसा परत मिळविणे दुरापास्त असते. तपासणीची वर सांगितलेली सर्व साधने विनामूल्य आहेत, हे म्हणूनच महत्त्वाचे.

तपासणीचा क्रम

सारांश, अदृश्य पृष्ठाची चौकशी पुढील क्रमाने करावी :

१. पृष्ठ सूचीत आहे काय? असल्यास थेट सातव्या प्रश्नाकडे जावे.
२. पत्ता शोधयंत्राला ठाऊक आहे काय? नसल्यास दुवे आणि पृष्ठसूची पाहावी.
३. ‘रोबॉट्स’ फाइल, परवलीचा शब्द किंवा बंद सर्व्हर यांमुळे वाचन अडले आहे काय?
४. ‘नोइंडेक्स’ची सूचना राहून गेली आहे काय?
५. ‘कॅनॉनिकल’ची खूण भलत्याच पृष्ठाकडे बोट दाखविते काय?
६. मजकूर उसना, चित्रात कोंडलेला किंवा जुन्या टंकातील आहे काय?
७. ज्या शब्दांनी ग्राहक शोधतो, ते शब्द आणि त्याला हवी असलेली माहिती पृष्ठावर आहे काय?

एका वेळी एकच दुरुस्ती करावी, तिची तारीख वहीत टिपावी आणि परिणामासाठी काही आठवडे थांबावे. एकाच दिवशी पाच बदल केले, तर गुण कशाने आला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी तोच शोध पुन्हा आरंभापासून करावा लागतो.

पहिले सहा अडथळे दूर करणे ही स्वच्छतेची बाब आहे. ती कोणीही शिकू शकतो. सातव्या प्रश्नाचे उत्तर मात्र तंत्रज्ञाकडे नसते. ते सुई धरणाऱ्या हाताकडे असते. यंत्राने काढलेल्या भरतकामाचा विक्रेता चित्र उसने घेऊ शकेल, नावही उसने घेऊ शकेल. जालीत एकही धागा का कापत नाहीत आणि ती कशी ओळखावी, हे सांगण्याचा अधिकार ज्यांनी ती केली त्यांचाच. हे ज्ञान पृष्ठावर यावे आणि त्या पृष्ठापर्यंतची वाट मोकळी असावी, एवढे साधले तरी काकोरीतील स्त्री आणि पुण्यातील ग्राहक यांच्यामधील अंतर बरेच कमी होईल.